दर चार तासांनी उजाडणारं गाव

सेकंड लाइफमध्ये दर चार तासांनी उजाडतं. तीन तास दिवस आणि तासभर रात्र, हे या आभासी जगाचं मूळ वेळापत्रक. घड्याळ मात्र कॅलिफोर्नियाचं चालतं. तिथे रात्री आठची मैफल जमते तेव्हा पुण्या-मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ नाहीतर साडेनऊ झालेले असतात. नेहमीच्या जागी नेहमीची मंडळी जमली की त्यांतलं कोणी झोपायच्या तयारीत असतं, कोणी नुकतंच उठून चहा घेऊन बसलेलं असतं, आणि समोरचा सूर्य दोघांच्याही वेळेला न जुमानता समुद्रात बुडत असतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने जून 2003मध्ये हे जग लोकांसाठी खुलं केलं. फिलिप रोझडेल हे त्याचे जनक. याला खेळ म्हणावं तर इथे हरणं-जिंकणं नाही, राक्षस मारायचे नाहीत, पातळ्या ओलांडायच्या नाहीत. कंपनी देते ती जमीन, पाणी आणि आकाश. घरं, झाडं, कपडे, केस, नाचाच्या लकबी, हे बहुतेक सगळं तिथल्या रहिवाशांनी स्वतः घडवलेलं आणि एकमेकांना विकलेलं. व्यवहार लिंडन डॉलरमध्ये होतो आणि तो खऱ्या डॉलरमध्ये बदलून घेता येतो. म्हणूनच इथल्या वादांना पोटापाण्याची धार असते.

नवख्या माणसाच्या आधी लक्षात येतो तो इथला धीमेपणा. एखाद्या चौकात पाऊल टाकलं की सुरुवातीला नुसते करडे ठोकळे दिसतात. मग भिंतींवर विटा येतात, झाडांना पानं फुटतात, दुकानांच्या पाट्या वाचता येऊ लागतात. माणसंही आधी धुरकट ढगासारखी असतात, चेहरा मागाहून येतो. बोलणं बरंचसं लिहूनच होतं. कोणी टाइप करू लागलं की त्याच्या अवताराचे हात हवेतल्या हवेत चालायला लागतात आणि कळफलकाची टकटक ऐकू येते. उत्तर येतंय, जरा थांबा, एवढं त्यातून कळतं. बराच वेळ हालचाल झाली नाही तर अवताराची मान खाली पडते. आजूबाजूचे समजून घेतात, की दारात कोणी आलं असेल किंवा मूल उठलं असेल, आणि गप्पा पुढे चालू राहतात.

साधं बोलणं वीस मीटरपर्यंत ऐकू जातं. कुजबूज दहा मीटर, ओरडणं शंभर मीटर. खासगी निरोप आणि गटांच्या गप्पा कितीही लांबून करता येतात, पण चारचौघांत बोलायचं तर जवळ जावं लागतं. या जगाचा स्वभाव घडवण्यात या वीस मीटरचा वाटा फार मोठा आहे. इथे भांडायचं असेल तरी समोर जाऊन उभं राहावं लागतं. ज्याच्याशी भांडायचं त्याचं घर, त्याची बाग, त्याने महिनाभर खपून उभारलेला जिना, हे सगळं त्या वेळी डोळ्यांसमोर असतं. भांडण त्यामुळे सौम्य होतंच असं नाही, पण त्याला जागा मिळते, शेजार मिळतो, साक्षीदार मिळतात.

या जगाचा नकाशा 256 मीटर बाजूच्या चौकोनांनी बनलेला आहे. त्यातल्या अगदी जुन्या चौकोनांना सॅन फ्रान्सिस्कोच्या गल्ल्यांची नावं आहेत: नटोमा, क्लेमेंटिना, स्टिलमन. चौकोनांचे पुढे प्लॉट पडले, प्लॉटना हद्दी आल्या, आणि हद्दीबरोबर ज्या कटकटी येतात त्या सगळ्या आल्या. काही महाभागांनी जेमतेम 16 चौरस मीटरचे तुकडे विकत घेऊन त्यांवर गरगर फिरणाऱ्या, झगझगीत जाहिरातींचे खांब रोवले. शेजाऱ्याने वैतागून तो तुकडा अव्वाच्या सव्वा भावाने विकत घ्यावा, हा त्यामागचा हिशेब. बांधाच्या भांडणात हयात घालवलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला ही चाल समजावून सांगावी लागणार नाही. वर्षानुवर्षांच्या तक्रारींनंतर कंपनीने अशा जाहिरातींवर निर्बंध आणले.

दुसरी कटकट कुंपणांची. जमीनमालकाने परक्यांना बंदी केली की हद्दीवर 'प्रवेश नाही' अशा लाल अक्षरांच्या ओळी उभ्या राहतात. काही जण पहारेकरी गोळा ठेवतात. तो आगंतुकाला काही सेकंदांची सूचना देतो आणि मग थेट त्याच्या घरी भिरकावून देतो. शीड सोडून निघालेल्या नावाड्याला किंवा विमान उडवणाऱ्याला हा अडथळा शेवटच्या क्षणी दिसतो आणि प्रवास तिथेच संपतो. घरात एकांत हवा, हे एकाचं म्हणणं. सगळ्यांनीच असे दरवाजे लावले तर एवढा मोठा समुद्र कशासाठी, हे दुसऱ्याचं. दोघेही बरोबर आहेत. 2019मध्ये कंपनीने सदस्यांच्या घरांसाठी बेलिसेरिया हा नवा खंड वसवला, तेव्हा हद्दीच्या लाल ओळींना तिथे जागाच ठेवली नाही आणि पहारेकरी गोळ्यांवर मर्यादा घातल्या. जुना वाद नव्या वस्तीच्या नियमावलीत उतरला.

सगळ्यांत गाजलेलं भांडण मात्र या जगाच्या पहिल्याच वर्षातलं. तेव्हा रहिवाशांनी बांधलेल्या वस्तूंवर कर बसत असे. जितकं जास्त बांधाल तितका कर जास्त. 'अमेरिकाना' नावाचा एक गट सार्वजनिक हौसेपोटी अमेरिकेतल्या प्रसिद्ध वास्तूंच्या प्रतिकृती उभारत होता. स्वतःसाठी काहीही न मिळवणाऱ्या या लोकांनाच कराचा सर्वांत मोठा फटका बसला. त्यांनी बोस्टनच्या 1773च्या चहा-बंडाची आठवण जागवली. जुन्या काळच्या वेशात रहिवासी जमले, वास्तूंवर चहाच्या पेट्यांचे ढीग रचले गेले, निषेधाचे फलक लागले. वर्ष संपायच्या आत कंपनीने कर रद्द केला आणि जमीन विकत घेऊन तिचं मासिक शुल्क भरण्याची पद्धत आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने आणखी एक गोष्ट मान्य केली, की रहिवाशाने जे घडवलं त्याचे बौद्धिक हक्क त्याच्याकडेच राहतील. इतक्या लवकर इतकी मोठी गोष्ट कबूल करणाऱ्या कंपन्या त्या काळात दुर्मीळ होत्या, आजही आहेत.

पुढे 2006-07च्या सुमारास बाहेरच्या जगाची वर्दळ वाढली. रॉयटर्सने आपला वार्ताहर इथे नेमला. मे 2007मध्ये स्वीडनचे परराष्ट्रमंत्री कार्ल बिल्ट यांनी इथल्या स्वीडिश दूतावासाचं उद्घाटन केलं. बड्या कंपन्यांनी चकचकीत इमारती बांधल्या. त्यांतल्या बहुतेक ओस पडल्या, कारण तिथे कोणी राहतच नव्हतं.

राजकारणही आलं. फ्रान्सच्या नॅशनल फ्रंट या कडव्या उजव्या पक्षाने पॉर्क्युपाइन या भागात कार्यालय थाटलं आणि जानेवारी 2007मध्ये तिथे रणकंदन झालं. विरोधकांनी शेजारची जमीन घेऊन फलक उभारले, धक्काबुक्कीच्या बंदुका चालल्या, फुटणारी गुलाबी डुकरं सोडली गेली. काही दिवसांनी कार्यालय तिथून नाहीसं झालं. बातम्यांना डुकरं आवडली. महत्त्वाची गोष्ट मात्र शेजारच्या जमिनीची होती. निषेध करणाऱ्यांनी आधी तिथे राहायला येण्याची तयारी दाखवली.

ऑगस्ट 2007मध्ये इथे आवाज आला. माइक लावून बोलता येऊ लागलं आणि गावात उभी फूट पडली. ज्यांना टाइप करणं जड जात होतं, त्यांच्यासाठी ही सुटका होती. उलट कर्णबधिर रहिवासी क्षणात वर्तुळाबाहेर फेकले गेले. ज्या पुरुषाने इथे स्त्री म्हणून चार वर्षं काढली होती, किंवा ज्या स्त्रीला आपलं वय, प्रांत, उच्चार यांपासून दूर राहायचं होतं, त्यांच्यापुढे वेगळाच पेच उभा राहिला. 'माइक का लावत नाहीस?' हा प्रश्नच संशयाचा झाला. कंपनी शेवटी दोन्ही सोयी ठेवून मोकळी झाली. खरा तोडगा काढला रहिवाशांनीच. व्हर्च्युअल अ‍ॅबिलिटी ही अपंग व्यक्तींसाठी काम करणारी संस्था आपल्या कार्यक्रमांत बोललेलं लगोलग लिहून दाखवण्याची व्यवस्था करते. बोलू शकणारा बोलतो, वाचू शकणारा वाचतो, कोणाला बाहेर बसावं लागत नाही.

आडनावांचाही एक वाद झाला, आणि आडनावावरून गाव ओळखणाऱ्या मराठी माणसाला तो जवळचा वाटेल. सुरुवातीला नावापुढे लावायला कंपनीने ठरवलेल्या यादीतून आडनाव निवडावं लागे. त्यामुळे अनोळखी माणसं आडनावबंधू व्हायची, भेटली की ओळख निघायची, आडनावावरून कोण किती जुना हेही कळायचं. 2010मध्ये ही पद्धत बंद झाली आणि सगळ्या नव्या लोकांच्या नावापुढे सरसकट 'रेसिडेंट' लागू लागलं. नवे आणि जुने अशी रेघ कायमची ओढली गेली. दहा वर्षं तक्रारी चालल्या. 2020मध्ये आडनावं परत आली, पण शुल्क भरणाऱ्या सदस्यांना, आणि तीही जादा पैसे मोजून.

पैशाचा प्रश्न असा प्रत्येक वळणावर भेटतो. ऑक्टोबर 2008मध्ये कंपनीने 'ओपनस्पेस' या स्वस्त जागांचं मासिक शुल्क 75 डॉलरवरून 125 डॉलर करण्याची घोषणा केली. या जागा जंगल आणि समुद्रासाठी होत्या, त्यांवर वस्ती झाल्याने यंत्रणेवर ताण येतो, असं कंपनीचं म्हणणं. ज्यांनी तिथे घरं बांधून भाडेकरू ठेवले होते, ते निषेधाला उभे राहिले. वाढ टप्प्याटप्प्याने करायचं ठरलं, पण वाढ झालीच.

मग ही जमीन नेमकी कोणाची? पेनसिल्व्हेनियाच्या एका वकिलाने हा प्रश्न खऱ्या न्यायालयात नेला होता. लिलावातली पळवाट वापरून त्याने स्वस्तात जमीन घेतली, असं म्हणत कंपनीने त्याचं खातं बंद केलं होतं. मे 2007मध्ये न्यायालयाने कंपनीच्या करारातलं लवादाचं कलम एकतर्फी ठरवलं. त्याच वर्षी दोन्ही बाजूंनी तडजोड केली आणि मालकीचा मुद्दा निकालापर्यंत पोचलाच नाही. आभासी जमिनीला जमीन म्हणायचं की नाही, यावर खल पुष्कळ झाला. पण जे लोक दरमहा शुल्क भरतात आणि आपल्या कष्टांनी हे जग राहण्याजोगं करतात, त्यांना दर ठरवताना आणि नियम बदलताना आधी विचारलं गेलं पाहिजे, आणि ते करारातच लिहिलेलं असलं पाहिजे.