ह्वाल्सेचं शेवटचं लग्न

दक्षिण ग्रीनलंडमधल्या ह्वाल्सेच्या पडक्या चर्चबद्दल बहुतेकांना एकच गोष्ट ठाऊक असते. सप्टेंबर १४०८मध्ये तिथे एक लग्न लागलं, आणि तिथल्या नॉर्स वस्तीची ती शेवटची लेखी नोंद ठरली. मग वऱ्हाडासकट अख्खी वस्ती गडप झाल्याचं चित्र रंगवलं जातं. मध्ययुगीन बांधकामांची अभ्यासक म्हणून मला हे चित्र मुळीच मान्य नाही.

आधी भिंती पाहा. चर्च साधारण १३००च्या आसपासचं, जेमतेम सोळा मीटर लांब नि आठ मीटर रुंद. भिंती दीड मीटर जाडीच्या, त्यात काही टन वजनाचे धोंडे. चुना शिंपल्यांचा! आपल्या कोकणात आणि गोव्यात गवंडी शिंपले भाजून चुना करत. तीच युक्ती त्या बर्फाळ मुलखातल्या गवंड्यांनाही साधली होती. छप्पर केव्हाच गेलं, पण पूर्वेच्या भिंतीतली कमानदार खिडकी अजून उभी आहे. पाया जुन्या थडग्यांवर घातल्यामुळे जमीन खचली आणि भिंती कलल्या. जाळपोळीची खूण मात्र कुठेच नाही.

आता ते लग्न. आइसलंडचा थोर्स्टेन ओलाफसन १४०६मध्ये नॉर्वेहून घरी निघाला, तर त्याचं जहाज भरकटून ग्रीनलंडला लागलं. ते तिथे चार वर्षं राहिलं. १४०७मध्ये कोल्ग्रिम नावाच्या माणसाला चेटकाच्या आरोपावरून जाळलं गेलं. म्हणजे शिक्षा देणारा समाज तिथे नांदत होता, क्रूर का होईना. पुढच्या वर्षी थोर्स्टेनने सिग्रिड ब्यॉर्न्सडॉटिरशी लग्न केलं. त्याआधी तीन रविवारी चर्चमध्ये रीतसर पुकारा झाला होता. १४०९मध्ये ग्रीनलंडमधल्याच गार्डार इथल्या धर्मगुरूंनी तसा दाखला लिहून दिला, आणि पुढे आइसलंडमध्ये साक्षीदारांच्या जबान्याही झाल्या. लग्न धर्मशास्त्राला धरून झालं, हे सिद्ध करायचं होतं. संतती औरस ठरणं, वारसा मिळणं त्यावर अवलंबून होतं. ही नोंद टिकली ती अशा व्यवहारी गरजेमुळे.

वस्ती संपली ती हळूहळू. १३७८च्या सुमारास बिशप आल्फ वारला. त्याच्यानंतर एकही बिशप तिथे राहायला आला नाही. वॉलरसच्या सुळ्यांना युरोपात पूर्वीसारखी मागणी उरली नाही, थंडी वाढली, जहाजं येईनाशी झाली. १७२१मध्ये हान्स एगेडे हा पाद्री त्या नॉर्स लोकांच्या शोधात ग्रीनलंडला उतरला. त्याला त्यांचे अवशेषच सापडले. २०१७मध्ये ह्वाल्सेचा हा परिसर जागतिक वारसा यादीत आला.

वरवधूंचं म्हणाल, तर ती दोघं सुखरूप आइसलंडला पोचली आणि उत्तरेतल्या आक्रार इथे राहिली. त्यांच्या मुलीचं नाव क्रिस्टीन.