घाट उतरण्याआधी: ट्रकचे ब्रेक आणि चालकाचा पाय

'घाटात ब्रेक फेल होऊन ट्रक गाड्यांवर आदळला' ही बातमी तुम्ही अनेकदा वाचली असेल. ती वाचून वाटतं, की काहीतरी अचानक तुटलं. दवाखान्यातही नातेवाईक असंच सांगतात, "डॉक्टर, काल रात्रीपर्यंत अगदी ठणठणीत होते हो!" दोन्हीकडे बहुतेक वेळा बिघाड आधीच सुरू झालेला असतो. माझ्याकडे अवजड वाहनं चालवणारे बरेच पेशंट येतात. त्यांच्याकडून जे शिकलो आणि त्यांना तपासताना जे दिसलं, ते आज सांगतो.

आधी ब्रेक का जातात ते समजून घेऊ. समजा, ४० टनांचा भरलेला ट्रक ३०० मीटर उंची उतरला. त्यातून जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात साधारण पावणेचारशे लिटर पाणी उकळायला येईल. त्यातली काही हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाते. चालक सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर उरलेली बहुतेक सगळी ब्रेकच्या ड्रमवर आणि लायनरवर येते. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड सुटते, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. पुष्कळदा थंड झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा लागतात!

म्हणून जड गाडी उतारावर मुख्यतः इंजिनाने रोखायची असते. खालचा गिअर माथ्यावरच, उतार लागण्याआधी टाकायचा. वेग वाढल्यावर गिअर बदलायला गेलं, तर तो पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो सुरू ठेवायचा. समजा, ताशी ३० किलोमीटरच्या वर जायचं नाही असं ठरवलं आहे. ३० झाले की ब्रेक नीट दाबून वेग २२ पर्यंत आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पुन्हा ३० झाले की पुन्हा तेच. मधल्या वेळात ड्रमला थंड व्हायला उसंत मिळते.

डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणं ही सगळ्यात घातक सवय. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने एकामागून एक अनेक गाड्यांना धडक दिली. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती, अशी माहिती तेव्हा बातम्यांत आली होती. इंजिन बंद केलं, की ब्रेकसाठी लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो. शिवाय इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या आजच्या इंजिनांत, गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ जातच नाही. उलट न्यूट्रलमध्ये चालू इंजिन थोडं डिझेल जाळत राहतं.

आता चालकाच्या शरीराकडे वळू. मधुमेहाच्या काही गोळ्या (उदा. ग्लिमेपिराइड) किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवलं, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. मग घाम येतो, हात थरथरतात, निर्णय चुकतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. जोरजोरात घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाला झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. या सगळ्यांची लोक निदान चर्चा तरी करतात. तळपायाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

पन्नाशीतला एक चालक माझ्याकडे साखर तपासायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "पायाला मुंग्या येतात, पण ब्रेक अंदाजाने बसतो." मी नायलॉनच्या तंतूने तळपाय तपासले. उजव्या पायाला चार ठिकाणी स्पर्श कळत नव्हता. पेडल किती दाबलं, हे ज्या पायाने सांगायचं, तोच बधिर! मी घाटाची लाइन सोडायला सांगितली. त्याने शांतपणे विचारलं, "मग मुलीची फी कोण भरणार, डॉक्टर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण सल्लाही बदलता येत नव्हता. दोन आठवड्यांनी तो मालकाला घेऊन आला. आता तो शहरातल्या गोदामात गाड्या लावून घेण्याचं आणि मालाची नोंद ठेवण्याचं काम बघतो. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, हे तो प्रत्येक वेळी सांगतो. त्याचं म्हणणं खरं आहे.

तुमच्या घरी कोणी ट्रक चालवत असेल आणि त्याला मधुमेह असेल, तर वर्षातून एकदा त्याचे तळपाय डॉक्टरांना दाखवा. साखरेच्या रिपोर्टवरून बधिरपणा कळत नाही. घाटाच्या दिवशी त्याला जेवून आणि झोप पूर्ण करून निघू द्या, उशीर झाला म्हणून फोनवर फोन करू नका.

आणि तुम्ही कार किंवा दुचाकीवर असाल, तर उतारावर ट्रकने पुढे ठेवलेली मोकळी जागा पाहून तिथे घुसू नका. ती त्याने थांबण्यासाठी ठेवलेली असते.