काळविटाचें मांस आणि आमचें मृगाजिन

सोलापुराहून अक्कलकोटास जातांना वाटेंत वळसंग लागतें. या प्रांतींच्या उघड्या माळावर किंवा ज्वारीच्या रानांत काळविटांचा कळप दृष्टीस पडला, म्हणजे नराचीं पीळदार शिंगें आणि काळीभोर पाठ पाहून डोळे निवतात. या प्राण्याशीं आपलें नातें केवळ कौतुकाचें, त्याचें मांस खाणारे ते निराळे, अशी आम्हां ब्राह्मण कुटुंबांची समजूत असते. ती जरा तपासून पाहण्यासारखी आहे.

कृष्णमृग जेथें स्वभावतः संचार करितो तोच देश यज्ञास योग्य, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत म्हटलें आहे. तिसऱ्या अध्यायांत मात्र एणाच्या, म्हणजे काळविटाच्या, मांसानें पितर आठ महिने तृप्त राहतात, असेंही सांगितलें आहे. पुढें मांस आमच्या पानांतून गेलें. चर्म तेवढें राहिलें. मुंजींत बटूस कृष्णाजिन आणि जपास मृगाजिन! तें कांहीं झाडास लागत नसे. फांसेपारधी बैलाच्या आडोशानें कळपाजवळ जाऊन फांसे मांडी. मांस त्याच्या चुलीवर वा बाजारांत जाई, आणि त्याच वधाचें कातडें आमच्या सोंवळ्यांत येई. कोल्हापूरच्या दरबारीं तर काळविटें धरण्यासाठीं चित्ते पाळीत. तो खेळ गणला जाई. पारध्यास मात्र गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें होतें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, तरी संशय अद्याप गेलेला नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार आणि त्याच्या मांसाचा व कातड्याचा व्यापार हा गुन्हा ठरला. नान्नजच्या माळढोक अभयारण्यांत आणि कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीस त्यास आसराही मिळाला. उलट अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत १९३२ च्या सुमारास नेलेले काळवीट तेथें खासगी कुरणांत वाढले. त्यांची शिकार होते व मांसही विकलें जातें. मग येथेंच बंदी कां, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, तेथें कुरणास कुंपण आहे व धनी आहे. येथें माळ सर्वांचा, आणि एकदां मांसाला भाव आला कीं चोरट्या बंदुकीस आळा घालणें कठीण.

परंतु या रक्षणाचा भार वाहतो कोण? ज्याच्या कोंवळ्या ज्वारींत रात्रीं कळप शिरतो तो शेतकरी. सरकारी भरपाई आहे. पण ती पंचनाम्यानंतर, आणि पीक तर आजच गेलेलें असतें. त्याच्यापुढें आम्हीं अहिंसेचें व्याख्यान द्यावें आणि मुंजीसाठीं कोठें कृष्णाजिन मिळेल याची गुपचूप चौकशीही करावी, हें शोभत नाहीं. बटूच्या खांद्यावर साधें वस्त्र घातल्यानें संस्कारांत उणें येत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. घरोघरच्या यजमानांनीं आणि उपाध्यायांनीं पुढील मुंजीपूर्वींच याचा निर्णय करावा. कृष्णमृगाच्या संचारानें जी भूमि पवित्र मानिली, तिच्यावर तो जिवंत हिंडतो आहे, याहून मोठें अजिन आम्हांस नको.