आठ ते दहा

सहाशेची लेन्स घ्यायची हे एकदा डोक्यात बसलं की माणूस कामातून जातो. समोरचा काहीतरी महत्त्वाचं सांगत असतो आणि आपण त्याच्या खिडकीबाहेर तारेवर बसलेल्या वेड्या राघूचं अंतर मोजत असतो. मित्र भेटला की पहिला प्रश्न, ‘काय ठरलं?’ ठरत काहीच नाही. ठरत नाही याचं कारण उघड आहे. सहाशे मिलिमीटरची एफ-४ लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते, आणि तीच सहाशे, दीडशे-सहाशेच्या झूममध्ये एफ-६.३ वर, लाखाच्या आसपास मिळते. टॅमरॉनने २०१३ साली अशी झूम जाहीर केली, पुढच्या वर्षी सिग्माने, आणि २०१५ मध्ये निकॉनची दोनशे-पाचशे आली. तोवर आमच्यासारख्यांची धाव सत्तर-तीनशेपर्यंतच असायची.

लांबी दोन्हीकडे सहाशेच. मग मधले नऊ लाख कशाचे? पुढच्या काचेचे. सहाशेला चारने भागलं की दीडशे मिलिमीटर, ६.३ ने भागलं की पंच्याण्णव. त्या रुंद काचेतून अडीचपट उजेड आत येतो. पैसे पडतात ते उजेडाचे.

हे दुकानात कळतं, वळतं मात्र माळावर. इंदापूरकडचा कडबनवाडीचा माळ घ्या. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास वर येतो, आणि लांडगा दिसायचाच असेल तर त्याच्या आगेमागे. गवत राखी, लांडगाही राखी. ओढ्याकडून चढून येतो, थांबतो, मान वळवून आपल्याकडे बघतो आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतो. एफ-६.३ वर कॅमेरा म्हणतो, शटर एक शतांश, आयएसओ सहा हजार चारशे. त्या वेगात चालत्या लांडग्याचे पाय पुसून जातात. स्टॅबिलायझेशन आहे की, असं विक्रेता सांगतो. आहे, पण ते आपला हात थोपवतं, लांडग्याचे पाय नाही.

आठ वाजले की चित्र पालटतं. गवताला रंग चढतो, शटर हजाराच्या पुढे जातं, आणि हीच स्वस्त लेन्स अंगात आल्यासारखी काम करते. धाविक तुरुतुरु पळतो, थबकतो, वाकून किडा टिपतो, परत पळतो. डोळ्यावरची पांढरी पट्टी आणि त्याखालची काळी रेघ मानेमागे जाऊन मिळतात, तिथला एकेक पिसाचा काठ मोजून घ्यावा इतका स्पष्ट येतो. फक्त पक्षी आधी चौकटीत सापडला पाहिजे. क्रॉप सेन्सरवर सहाशे लावलं की हात लांब करून धरलेल्या अंगठ्यामागे जेवढं जग झाकलं जातं, जवळपास तेवढंच दिसतं. नवखा माणूस रिकाम्या गवतात लेन्स फिरवत राहतो आणि धाविक त्याच्या डाव्या हाताला उभा असतो.

दहाच्या सुमाराला जमीन तापते आणि हवा हलायला लागते. चिंकारा दोनशे मीटरवर असेल तर त्याचे पाय पाण्यात भिजल्यासारखे लवलवतात. लेन्स लांबचं जवळ आणते म्हणतात, पण मधली सगळी हवाही ती सोबत आणते. घरी संगणकावर मऊ फोटो बघून लोक लेन्सला शिव्या देतात. त्यातल्या बऱ्याचशा या हवेच्या वाट्याच्या. आणि इथे दहा लाखांच्या लेन्सचंही काही चालत नाही. म्हणजे नऊ लाखांत मिळतो तो मुख्यतः सकाळचा एक तास आणि संध्याकाळचा एक. कॅननने २०२० मध्ये एफ-११ ची सहाशे आणि आठशे काढली. सहाशे तर किलोभरही भरत नाही. तिचा दिवस नऊला उघडत असावा.

लांबीवर मात्र काटकसर करू नये असं माझं मत. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीवाले मामा विचारतात, ‘अजून पुढं घेऊ का, सर?’ तीनशेवाला हो म्हणतो, आणि निवांत चरणारा रोहितांचा थवा उठून पलीकडच्या काठाला जातो. सहाशेवाला नको म्हणू शकतो. होडीत ट्रायपॉड चालत नाही, दोन किलोचं धूड हातावरच पेलायचं, ते जमतं.

जुनी लेन्स घेताना दुकानातला दिवा पुरत नाही. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरायचा आणि पुढून बघायचं. धूळ दिसली तर दिसू दे. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले दिसले की ती बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. लेन्स परत करायची, किमतीत कितीही सूट मिळो.

माझ्याकडे अशीच पारखून घेतलेली जुनी दीडशे-सहाशे आहे, आणि वाचलेल्या पैशांतून आठ बाय बेचाळीसची दुर्बीण. अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली जेवढी मोठी होते, साधारण तेवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत ही दुर्बीण डोळ्यात सोडते, त्यामुळे पहाटेचा तास मी तिच्यावर काढतो, कॅमेरा पिशवीत ठेवून. बरोबरचे दोस्त याला आळस म्हणतात. त्यांच्यातल्या एकाकडे एफ-४ आहे. लांडग्याचा फोटो मी त्याच्याकडून मागून घेतो.