अठरावे वर्ष आणि मनाचे औषध

शरीराचा रोग लपविता येत नाही, आणि मनाचा रोग लपविल्यावाचून आपल्याला राहवत नाही. मुलाला ताप आला तर आपण शेजाऱ्याची गाडी मागून घेतो. परंतु तेच मूल रात्र रात्र झोपेनासे झाले, एकटेच बोलू लागले, अथवा जगण्यात अर्थ उरला नाही असे म्हणू लागले, तर आपण आधी घराचे दार लावून घेतो. तथापि आनंदाची गोष्ट अशी की, आता पुष्कळ आईबाप धीर करून अशा मुलांस डॉक्टरांकडे नेऊ लागले आहेत. आज आम्हांला त्यापुढच्या पायरीविषयी वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. उपचार चालू असलेले हे मूल अठरा वर्षांचे होते, तेव्हा त्याच्या उपचाराचे काय होते?

सिल्वासाजवळच्या सायली गावी आमचे नेहमी जाणेयेणे असते. १९५४ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेला हा दादरा-नगरहवेलीचा मुलूख. वारली, कोकणा, धोडिया यांचे पाडे, भाताची खाचरे, आणि आता चोहीकडे कारखाने. याच सायलीत वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले असून त्याच्या वास्तूचे उद्घाटन २५ एप्रिल २०२३ रोजी झाले. सिल्वासात ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ७ मार्च २०२५ रोजी झाले. म्हणजे डॉक्टर आपल्या अंगणाजवळ आले. परंतु डॉक्टर जवळ आले, एवढ्यानेच रोग्याची वाट सरळ होते असे नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगा चौदाव्या वर्षापासून दूरच्या एका शहरात मुलांच्या मनोविकारतज्ज्ञाकडे जात असे. आई दर महिन्याला सोबत जाई. डॉक्टर आधी आईचे ऐकत, मग मुलाशी गप्पा मारत. मुलगा सुधारला, शाळेत परत जाऊ लागला. पुढे अठरा वर्षे पूर्ण झाली आणि सांगण्यात आले की, आता मोठ्यांच्या विभागात जावे. हाती एक चिठ्ठी मिळाली. नव्या ठिकाणी लांब रांग, अनोळखी डॉक्टर, आणि आईला बाहेर बसण्याची सूचना. चार वर्षांची कहाणी परक्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगावयाची त्या मुलास लाज वाटली. दोन मिनिटांत तो बाहेर आला आणि पुढल्या महिन्यात गेलाच नाही. गोळ्या संपल्या. पावसाळा सरता सरता आई आमच्याकडे आली, तेव्हा त्याने तीन आठवडे घरात कोणाशीही शब्द उच्चारला नव्हता.

या प्रकरणात वाईट कोणी केले? कोणीच नाही. जुन्या डॉक्टरांना वाटले, नवे पाहत असतील. नव्यांना वाटले, आला नाही त्या अर्थी बरा असेल. आईला वाटले, मुलगा मोठा झाला, त्याचे तो पाहील. प्रत्येकाने आपले काम केले, पण मधले काम कोणाचेच नव्हते. यरुशलेमहून परतताना मारिया आणि योसेफ यांना वाटले की, बारा वर्षांचा येशू सोबतच्या यात्रेकरूंत आहे. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर तो कोणाबरोबरच नाही असे त्यांना कळले. इतके प्रेमळ आईबापही जर असे समजून चालले, तर आपण किती सावध असावे!

हे संकट आपल्याच मुलखाचे आहे असे कोणी मानू नये. इंग्लंडमध्ये मुलांची आणि मोठ्यांची मानसिक आरोग्य सेवा फार पूर्वीपासून वेगवेगळी आहे. तेथील एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. मुलांच्या सेवेतून मोठ्यांच्या सेवेत गेलेल्या तरुणांपैकी ज्यांचे जाणे सर्व दृष्टींनी नीट झाले, असे शंभरात पाचही नव्हते. आपल्या देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांत काही ना काही मनोविकार आढळला. मनाचे बरेचसे विकार याच वयात आणि विशीच्या आगेमागे डोके वर काढतात. म्हणजे ज्या वयात धागा तुटू नये, नेमका त्याच वयात तो तुटतो.

अठरा वर्षे पूर्ण होताच कायद्याने काय बदलते, हेही पालकांनी जाणून घ्यावे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून देशभर लागू आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाच्या वतीने पालक निर्णय घेतात. मुलाला रुग्णालयात ठेवावेच लागले, तर मोठ्या रोग्यांपासून वेगळे ठेवावे लागते आणि घरचे माणूस सोबत राहते. अठरा वर्षे पुरी होताच संमती त्याची स्वतःची लागते. रुग्णालयात असतानाच अठरावे वर्ष पूर्ण झाले, तरी त्या दिवसापासून त्याला स्वतंत्र रुग्ण मानले जाते. यात मुलाचा मान आहे, आणि तो राखलाच पाहिजे. परंतु आईला कायमचे बाहेर बसविणे हा या कायद्याचा हेतू नव्हे. सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, खाली सही किंवा अंगठा करून, आपल्या विश्वासाच्या माणसाला आपला प्रतिनिधी नेमू शकते. त्या प्रतिनिधीला आपले काम करण्यापुरती माहिती डॉक्टर देऊ शकतात. हा एक कागद वेळेवर झाला, तर पुष्कळ अश्रू वाचतील.

मतिमंदत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांचा प्रश्न थोडा निराळा आहे. अठरा वर्षांनंतर आईबाप आपोआप त्यांचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. हा अर्ज उद्यावर टाकू नये.

आता आपण काय करावे? आपल्याकडे भाताची आवणी कशी होते ते आठवा. राबातले रोप उपटले की त्याची मूठ बांधतात आणि ती बांधावर वाळू न देता चिखलात लावतात. नव्या जागी रोप काही दिवस पिवळे पडते. म्हणून शेतकरी ते फेकून देत नाही, खाचरात पाणी राखतो. मुलाचेही तसेच करावे. सोळाव्या वर्षीच जुन्या डॉक्टरांना विचारावे की, पुढे कोणाकडे जावयाचे. आजाराचे नाव, दिलेली औषधे, कोणते लागू पडले, कोणते सोसले नाही, हे त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्यावे, म्हणजे मुलाला सारी कथा पुन्हा सांगावी लागणार नाही. जुन्या डॉक्टरांचा निरोप घेण्यापूर्वी नव्यांची एक भेट व्हावी. दोन भेटींच्या मध्ये गोळ्या संपू देऊ नयेत. आणि मुलाला हळूहळू स्वतः बोलू द्यावे. आपल्या औषधाचे नाव त्याला स्वतःला ठाऊक असले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. अठरावे सरते, स्थळ येते, आणि सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात. लग्न हे औषध नव्हे. आजार लपवून जोडलेला संसार पहिल्याच वादळात डळमळतो, आणि दोष मात्र मुलीला लागतो. शिवाय सोडियम व्हाल्प्रोएटसारख्या काही औषधांनी गर्भाला अपाय होऊ शकतो. म्हणून विवाहापूर्वी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे आणि त्यांच्या सल्ल्यावाचून औषध सोडू नये, बदलू नये. प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थना करून औषध टाकून देणे ही श्रद्धा नव्हे.

वर सांगितलेल्या मुलाच्या मामाने पुढे एक साधी गोष्ट केली. सहा महिने तो दर खेपेस भाच्याबरोबर गेला आणि दाराबाहेर बसून राहिला. आत काय बोलणे झाले, ते त्याने विचारले नाही. मुलगा आता एकटा जातो. पाहणाऱ्यास हे काम लहान वाटेल, पण तेच मधले काम होय. ज्या घरात असा मामा नाही, तेथे शेजाऱ्याने, शिक्षकाने, धर्मग्रामातील एखाद्या जाणत्या बाईने ते करावे. अडचण रात्रीअपरात्री आली, तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा चोवीस तास विनामूल्य मिळते, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आपल्या पाड्यात, आपल्या आळीत, येत्या वर्षी अठरा वर्षांचे होणारे असे कोण आहे, हे प्रत्येक कुटुंबाने मनाशी आठवून पाहावे. नाव आठवले, तर त्याच्या आईला एवढेच विचारावे: पुढल्या खेपेस मी सोबत येऊ का?