आयर्विनला किती फूट?

जुलैचा पाऊस धरला की सांगलीत ख्यालीखुशालीच्या आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती, याची चौकशी होते. "आयर्विनला किती फूट?" ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ. कोयनेतून किती सोडलंय, वारणा कुठवर चढलीय, अलमट्टीची दारं उघडलीत की नाही, यावर चहाच्या गाड्यावर असा खल चालतो की पाटबंधारे खात्याची बैठक फिकी पडावी.

अशा गावात पहिलं घर घ्यायचं, तेही तळमजल्यावर, तर वास्तुशास्त्र नंतर बघावं. आमच्या घराला बिल्डरने नवाकोरा ऑफव्हाइट दिला होता. शेजारच्या कंपाउंडला मात्र कुणी रंग लावला नव्हता. तिथे माझ्या खांद्याशी एक तपकिरी रेघ होती, ओळंब्यात धरावी इतकी सरळ. रेघेखाली गिलावा पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेला. नखाने खरवडलं तर पिठासारखा गाळ बोटाला लागला.

"मावशी, पाणी आलं होतं का हो?"

शेजारच्या मावशी मेथी निवडत होत्या. "पाचला नव्हतं आलं बाई. एकोणीसला आलतं की, खिडकीपतूर. फ्रीज तरंगत होता नुसता."

२००५ ला आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. तेव्हा ज्यांच्या उंबऱ्याशी आलं नाही ते पुढची १४ वर्षं निर्धास्त झोपले. २०१९ ला ते ५७ च्या पुढे गेलं. जुन्या खुणेच्या वर कपाट ठेवायचं आणि कृष्णेने ती खूण पाळावी अशी आशा धरायची, ही आमची पूरव्यवस्था!

जलसंपदा खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. शंभर वर्षं ऐकली की आपण नातवंडांवर सोडून मोकळे होतो. पण त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि कर्ज असतं २० वर्षांचं. तेवढ्या काळात लाल रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता १८ टक्के होते. निळ्या रेषेवर ती ५५ च्याही वर जाते.

बँकेने कर्जासोबत एक विमा गळ्यात मारलाच होता. तो माझ्या जिवाचा. मी गेले तर कर्ज फिटेल. मी राहिले आणि घर बुडालं तर? त्यावर समोरच्या साहेबांनी पुढचा फॉर्म सरकवला.

आपल्याकडे पुराचा वेगळा विमा शोधत फिरावं लागत नाही. २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी आहे. आग, भूकंप, पूर सगळं त्यातच. पैसे मिळतात बांधकामाच्या खर्चाचे, जागेचे नाहीत. गाळ उपसला की जागा जागच्या जागी असतेच म्हणा. बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं संरक्षण सामानाला यादी न देताच मिळतं. दारातली स्कूटर मात्र यात येत नाही, तिचा विमा निराळा.

"आणि पूर आलाच नाही तर? सगळे हप्ते पाण्यात," नवरा म्हणाला. जाऊ देत की! सोफा जाण्यापेक्षा हप्ते गेलेले बरे. पाणी उतरल्यावर फुगलेल्या प्लायवूडचा आणि कुजक्या गाद्यांचा वास ज्याने एकदा घेतलाय तो हा वाद घालत नाही. सरकारी सानुग्रह अनुदानात भांडीकुंडी येतील, घर उभं राहत नाही.

आम्ही पॉलिसी काढली. तुम्ही पूरपट्ट्यात तळमजला घेत असाल तर मे महिन्यातच काढा, आणि सामानाचे, बिलांचे फोटो गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. सर्व्हेयर येतो तेव्हा चिखलाखाली काय होतं ते आपल्यालाच दाखवावं लागतं.