ट्रंपेटच्या तोंडातलं बूच

ट्रंपेट म्हटला की आम्हां गोंयकारांना फेस्ताचा बँड आठवतो, खणखणीत आणि उघडा. पण त्याच्या भोंग्यात पत्र्याचा पोकळ 'म्यूट' बसवला, की बुचाच्या पट्ट्यांमधल्या फटींतून तोच सूर बारीक, धारदार होऊन येतो. मोरी तुंबल्यावर लागणारा रबरी पेला दांडा काढून भोंग्यापुढे उघड-बंद केला, तर ट्रंपेट चक्क बोलू लागतो!

हळदोण्याचे अंतोनियो शावियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचे साहाय्यक. 'अलबेला'त (१९५१) ते बँडसह पडद्यावरही दिसले. बाकी कितीतरी गोमंतकीय वादक श्रेयनामावलीत कधी आलेच नाहीत.

जुनं गाणं लागलं की मी गायकाच्या मागचा तो दबका ट्रंपेट शोधतो. बुचाने आवाज दबतो, नाहीसा होत नाही. नावं मात्र नाहीशी झाली.